एकच लॅपटॉप, दोन उत्तरे

वाचकाचे पत्र

"आमच्या घरी २०१६ साली घेतलेला एकच लॅपटॉप आहे. त्यात ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क आणि विंडोज १० आहे. मी अनुवादाचे काम करते. म्हणजे मराठी टंकलेखन, ईमेल, ब्राउझर आणि अधूनमधून व्हिडिओ कॉल. यजमान एका संस्थेचे हिशेब एक्सेलमध्ये ठेवतात आणि त्यांच्या फाइलमध्ये एका जुन्या सहकाऱ्याने लिहून दिलेले मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या आज्ञा, आहेत. विंडोज १० चे अपडेट बंद झाल्याची सूचना पडद्यावर सारखी येते आणि या लॅपटॉपवर विंडोज ११ चालणार नाही, असेही तीच सांगते. भाची म्हणते, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत सिस्टिम टाका. ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात, ते प्रोग्रामर लोकांचे काम आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. लिनक्स आता घरातल्या साध्या माणसासाठी तयार आहे का, हे कृपया हो किंवा नाही असे स्पष्ट सांगावे."

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्यासाठी हो, तुमच्या यजमानांसाठी आज तरी नाही. लॅपटॉप एकच असल्यामुळे हे उत्तर अंग काढून घेतल्यासारखे वाटेल, पण तुमच्या घरात कामे दोन प्रकारची आहेत आणि त्यांची उत्तरे खरोखरच वेगळी येतात. 'लिनक्स तयार आहे का' यावर गेली वीस-पंचवीस वर्षे वाद चालला आहे. तो मिटत नाही याचे एक कारण असे की विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक काम असते आणि उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दुसरेच.

माझ्या पाहण्यात दोन टोकांच्या माणसांना लिनक्सचा त्रास सर्वांत कमी होतो. एका टोकाला ज्यांचे सारे काम ब्राउझरमध्ये आणि एखाद्या लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये उरकते ते, आणि दुसऱ्या टोकाला ज्यांना संगणकाची आतली व्यवस्था ठाऊक आहे ते. अडचण येते मधल्या माणसाला. त्याने वीस वर्षे घालून विंडोजच्या खाचाखोचा आत्मसात केलेल्या असतात. कोणत्या मेनूत काय आहे, कोणती फाइल कुठे ठेवायची, प्रिंटर अडला की कोणते बटण दाबायचे, हे सारे त्याच्या हाताला पाठ असते. नव्या सिस्टिमवर नेमके तेच ज्ञान निरुपयोगी होते आणि माणूस स्वतःला अडाणी समजू लागतो. तुम्ही पहिल्या टोकाला आहात आणि यजमान मध्यात आहेत, एवढे पत्रावरून दिसते.

तुमच्या ओळखीच्या गृहस्थांचे मत एके काळी अगदी बरोबर होते. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली हा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, लिहायला घेतला तेव्हा तो केवळ हौसेचा उद्योग असल्याचे त्यांनी स्वतःच जाहीर केले होते, आणि पुढची अनेक वर्षे तो बसवून घेण्यासाठीही हौसच लागत असे. सामान्य माणसाला समोर ठेवून केलेली उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती २००४ साली आली, तिच्यावर आधारलेली मिंट २००६ साली आली, आणि त्यानंतर चित्र हळूहळू पालटले. आज मिंट बसवणे हे विंडोज बसवण्यापेक्षा कठीण राहिलेले नाही. तुमच्या भाचीने बहुधा असेही सांगितले असेल की अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्सचाच कर्नल असतो आणि जगातले पहिले पाचशे महासंगणक २०१७ पासून लिनक्सवरच चालतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांवरून तुमच्या प्रिंटरबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

आता तुमची कामे घेऊ. ब्राउझर, ईमेल आणि व्हिडिओ कॉल यांवर फार लिहिण्यासारखे नाही. फायरफॉक्स आणि क्रोम दोन्ही तसेच्या तसे मिळतात, ईमेलसाठी थंडरबर्ड मिळते, आणि बहुतेक व्हिडिओ कॉल ब्राउझरमध्येच होतात.

मराठी टंकलेखनाबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमची उपजीविका त्यावर आहे. जोडाक्षरे तुटून दिसणे, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसणे, हे जुन्या लिनक्सचे दुखणे आता राहिलेले नाही. लिबरऑफिस या वर्ड-एक्सेलसारख्या मोफत संचाने २०१७ सालच्या ५.३ या आवृत्तीपासून विंडोजवर आणि लिनक्सवर अक्षरजुळणीसाठी एकच यंत्रणा वापरायला सुरुवात केली, त्यामुळे एकाच फॉन्टमधला मजकूर दोन्हीकडे सारखाच उमटतो. टंकण्यासाठी इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही प्रकारचे कळफलक आहेत. तुमचा हात इन्स्क्रिप्टवर बसलेला असेल तर सेटिंगमध्ये जाऊन कीबोर्डच्या यादीत मराठी जोडले की काम भागते. रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवण्याची सवय असेल तर आयबस नावाची वेगळी सोय सुरू करावी लागते, आणि तिचे नियम तुमच्या सध्याच्या साधनाच्या नियमांशी तंतोतंत जुळणार नाहीत. ळ, ज्ञ, ऱ्य आणि ॲ या चार अक्षरांपाशी पहिले काही दिवस बोटे अडखळतील, एवढे गृहीत धरा.

दुसरी गोष्ट फॉन्टची, आणि ती अनुवादकाने आधीच समजून घ्यावी अशी आहे. एरियल किंवा टाइम्स न्यू रोमन लिनक्सवर नसले तरी लिबरेशन नावाचे फॉन्ट त्यांची जागा घेतात आणि कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो येतो. या अक्षरांची रुंदी मूळ फॉन्टइतकीच ठेवलेली असल्यामुळे इंग्रजी मजकुराची पाने सरकत नाहीत. मंगल, कोकिळा, निर्मला या विंडोजसोबत येणाऱ्या देवनागरी फॉन्टांना मात्र असे मापाचे जोडीदार नाहीत. प्रकाशकाने कोकिळात जुळवलेली चाळीस पानांची फाइल तुमच्याकडे उघडली की ती दुसऱ्या फॉन्टमध्ये दिसेल आणि पानांची संख्या बदलेल. मजकूर शाबूत असतो, दुरुस्त्यांच्या खुणा आणि शेरेही शाबूत राहतात, पण "पान १७, तिसरी ओळ" असा फोनवरचा संवाद कोसळतो. यावर उपाय साधा आहे : नोटो किंवा मुक्ता यांसारखा, कोणालाही मोफत घेता येणारा फॉन्ट दोन्हीकडे वापरायचा, आणि पानांवर बोलायचे असेल तेव्हा सोबत पीडीएफ पाठवायची. युनिकोड या आजच्या सार्वत्रिक अक्षरपद्धतीच्या आधीच्या फॉन्टांत टंकलेल्या जुन्या फाइली तुमच्याकडे असतील तर ते फॉन्ट आताच्या लॅपटॉपवरून काढून पेनड्राइव्हवर जपून ठेवा. ते लिनक्सवरही बसवता येतात, आणि ते हरवले तर त्या फाइलींत नुसती चिन्हांची गर्दी दिसेल.

यजमानांसाठी नाही म्हणालो ते मॅक्रोंमुळे. एक्सेलचे मॅक्रो ज्या भाषेत लिहिलेले असतात तिचा काही भाग लिबरऑफिसला समजतो, सगळा समजत नाही. बेरजा, सूत्रे, याद्या गाळणे हे सारे नीट चालते. पण बटण दाबल्यावर खिडकी उघडून नोंद विचारणारा किंवा महिनाअखेरीचा तक्ता आपोआप मांडून देणारा मॅक्रो मध्येच थांबण्याची शक्यता बरीच असते. त्याहून वाईट शक्यता अशी की तो थांबत नाही आणि उत्तर चुकीचे देतो. हिशेबात ही जोखीम कोणी घेऊ नये. एक्सेलची ब्राउझरमधली आवृत्ती लिनक्सवर उघडते, पण तिच्यात असे मॅक्रो चालतच नाहीत. लिनक्सच्या आत विंडोजचा आभासी संगणक उभा करता येतो हे भाचीचे म्हणणे बरोबर असले तरी ४ जीबी रॅममध्ये दोन सिस्टिमी एकाच वेळी रांगतच चालतील. शिवाय ते संस्थेच्या कागदपत्रांसाठी डिजिटल सहीचे टोकन वापरत असतील तर त्या टोकनाचे लिनक्सवर चालणारे सॉफ्टवेअर मिळते का, हे वेगळे पाहावे लागेल. काहींचे मिळते, काहींचे नाही. फोटोशॉप, बोटाच्या ठशाने लॉगिन आणि खेळाडूंवर पाळत ठेवणाऱ्या प्रोग्रामसह येणारे काही ऑनलाइन खेळ यांचीही अडचण आहे, पण तुमच्या पत्रात त्यांपैकी काहीच नसल्यामुळे ते सोडून देतो.

मग विंडोज १० तसेच वापरत राहावे का? मायक्रोसॉफ्टने त्याची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली, आणि नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची एक वर्षाची मुदतवाढ जाहीर केली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते आणि २०१६ चा लॅपटॉप तिच्या बाहेर पडतो. आडमार्गाने विंडोज ११ त्यावर बसवता येते, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नसते, म्हणून मी तो मार्ग सुचवत नाही. अपडेट बंद झालेल्या सिस्टिमवर ईमेल उघडणे आणि बँकेचे व्यवहार करणे मला धोक्याचे वाटते. इंटरनेट तोडून एखादी हिशेबाची फाइल उघडणे त्या मानाने पुष्कळ सुरक्षित आहे.

यावरून मार्ग निघतो. याच लॅपटॉपवर दोन्ही सिस्टिमी शेजारी-शेजारी ठेवा. सुरू करताना कोणती हवी ते निवडता येते. इंटरनेटचे सगळे काम दोघांनीही लिनक्सवर करावे, आणि यजमानांनी हिशेबापुरते, वायफाय बंद ठेवून, विंडोज उघडावे.

त्याआधी हार्ड डिस्क बदला. लिनक्स टाकल्यावर जुना लॅपटॉप पळू लागतो असे सांगणारे अनेक जण भेटतील, पण फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क तशीच ठेवून कोणतीही सिस्टिम टाकली तरी लॅपटॉप सुरू होईपर्यंत हातपाय धुऊन यावे लागते. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली की जो फरक पडतो, तो विंडोजवरून लिनक्सवर जाण्याच्या फरकाहून मोठा असतो. जुन्या डिस्कवरचे सारे, विंडोजसकट, नव्या डिस्कवर जसेच्या तसे उतरवता येते. रॅमसाठी आत दुसरी खाच रिकामी असेल तर ८ जीबी करून घ्या. नसेल तर ४ जीबीतही भागेल, फक्त ब्राउझरमध्ये एका वेळी पंधरा पाने उघडी ठेवायची सवय सोडावी लागेल.

लिनक्सचे प्रकार अनेक आहेत, त्यांना डिस्ट्रो म्हणतात, आणि त्यांवरची चर्चा न संपणारी आहे. तुम्ही मिंट घ्या. तिची मांडणी विंडोजच्या वळणाची आहे, खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू. २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ४ जीबी रॅम कायम राहणार असेल तर तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, ८ जीबी केलीत तर सिनॅमन. भाचीची आवडती डिस्ट्रो कदाचित वेगळी असेल; ती तिच्या लॅपटॉपवर शोभते.

मिंट उतरवून घेताना ती अधिकृत ठिकाणाहूनच घ्या आणि फाइलची पडताळणी भाचीकडून करून घ्या. ही नुसती औपचारिकता नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी घुसखोरांनी मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरचाच दुवा बदलून चोरवाट ठेवलेली फाइल लोकांच्या हाती दिली होती. उतरवलेल्या फाइलची बेरीज, म्हणजे चेकसम, घटनेनंतर मिंटने जाहीर केलेल्या खऱ्या बेरजेशी ताडून पाहणाऱ्यांना ही गडबड कळण्याची सोय होती.

ती फाइल साधारण ३ जीबीची असते. ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवली की लॅपटॉपवर काहीही न बसवता, डिस्कला हात न लावता, थेट पेनड्राइव्हवरून मिंट चालवून पाहता येते. लिनक्सची ही सोय मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण तुमच्या यंत्रावर काय चालते आणि काय नाही, हे कोणाच्या मतावर न राहता तुम्ही स्वतः पाहता. अशा वेळी सिस्टिम संथ चालते आणि बंद केली की केलेले बदल विसरते, ते मनावर घेऊ नका. वायफाय जोडले जाते का, आवाज येतो का, कॅमेरा आणि माइक व्हिडिओ कॉलमध्ये चालतात का, लॅपटॉप मिटून पुन्हा उघडल्यावर पडदा जागा होतो का, आणि प्रिंटरवर एक पान निघते का, इतके पाहा. शेवटून दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात आणि जुन्या लॅपटॉपांवर नेमकी तीच अडते. अलीकडचे बहुतेक नेटवर्क प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय, म्हणजे ते यंत्र चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रामशिवाय, ओळखले जातात. स्कॅनरची मात्र स्वतंत्र चाचणी घ्या.

माझ्या एका जुन्या लॅपटॉपवर मिंट टाकले तेव्हा वायफाय दिसेचना. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ड्रायव्हर हवा, असा तो पेच होता. अर्धा दिवस डोके खाजवल्यावर सुचले ते असे : फोन केबलने लॅपटॉपला जोडला, फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू केले, आणि लॅपटॉपला तारेचे नेटवर्क मिळाल्यासारखे इंटरनेट मिळाले. मग मिंटमधल्या ड्रायव्हर मॅनेजरने हवा तो ड्रायव्हर स्वतःच सुचवला आणि दहा मिनिटांत काम झाले. तुमच्यावर ही वेळ आली तर तुमचा अर्धा दिवस वाचावा म्हणून लिहिले.

प्रत्यक्ष बसवताना क्रम चुकवू नका. आधी दोघांच्याही सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती प्रत उघडून पाहा. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिस्क कुलूपबंद करणारी तत्सम सोय चालू असेल तर तिची पुनर्प्राप्तीची किल्ली कागदावर लिहून ठेवा. ती नसताना डिस्कची मांडणी बदलली तर विंडोज दारातच किल्ली मागत उभे राहते. लिनक्ससाठीची जागा विंडोजच्या स्वतःच्या डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा. आणि विंडोजमधले फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपते. आपला भाग ते वापरातच असल्याची खूण ठेवून जाते, आणि मग लिनक्समधून त्या भागावरच्या फाइली फार तर वाचता येतात, बदलता येत नाहीत. यजमानांना ईमेलने आलेली पावती लिनक्समधून विंडोजच्या फोल्डरमध्ये टाकायची असेल तर हे एक बटण त्यांच्या आड येईल. दोन सिस्टिमी झाल्यावर विंडोजचे घड्याळ काही तासांनी चुकलेले दिसू लागेल. दोघींची वेळ नोंदवायची पद्धत वेगळी असल्यामुळे असे होते, लॅपटॉप बिघडलेला नसतो. मिंटला विंडोजच्या पद्धतीने वेळ ठेवायला सांगणारी एक ओळीची आज्ञा आहे, ती भाची देईल.

ती आज्ञा ज्या काळ्या खिडकीत लिहितात तिला टर्मिनल म्हणतात, आणि तुमच्या ओळखीच्या गृहस्थांच्या मनात बहुधा तीच आहे. रोजच्या कामासाठी तुम्हाला ती उघडावी लागणार नाही. अडचण आल्यावर मात्र इंटरनेटवर सापडणारे बहुतेक उपाय याच खिडकीत चिकटवायच्या ओळींच्या रूपात असतात. ज्या ओळीचा अर्थ भाची सांगू शकत नाही ती ओळ चिकटवू नका. आणि पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट चालू करून घ्या. ते सिस्टिमच्या स्थितीची नोंद ठेवते आणि काही बिघडले तर कालच्या स्थितीवर परत नेते. तुमच्या लिखाणाची प्रत ते आपणहून ठेवत नाही, ती वेगळी ठेवावीच लागेल.

भाचीशी एक बोलणे मात्र आधी करून घ्या. संगणक दुरुस्त करणाऱ्या पुष्कळ लोकांना लिनक्सची सवय नसते आणि कोणत्याही तक्रारीवर त्यांचा उपाय विंडोज पुन्हा टाकणे हाच असतो, त्यामुळे पहिले काही महिने तुमचा फोन तिलाच जाणार. सुरुवातीला प्रश्न बरेच असतील, मग विरळ होतील. ती परदेशी जाणार असेल किंवा परीक्षेच्या तोंडावर असेल तर दोन-तीन महिने थांबलात तरी चालेल, तोवर विंडोजच्या मुदतवाढीची नोंदणी करून घ्या.

यजमानांच्या बाबतीत मी 'आज तरी' असे लिहिले ते मुद्दाम. मिंट चालू झाले की त्यांच्या हिशेबाच्या फाइलची प्रत, मूळ फाइल नव्हे, लिबरऑफिसमध्ये उघडा आणि गेल्या एका महिन्याच्या नोंदी तिच्यात पुन्हा भरून दोन्हींच्या शेवटच्या आकड्यांचा मेळ घाला. कोणते बटण चालले, कोणते अडले आणि आकडे कुठे फुटले, ते मला लिहून कळवा. मॅक्रो दोन-चारच असतील तर ते लिबरऑफिससाठी नव्याने लिहून घेणे फार मोठे काम नसते, आणि मग त्यांचे उत्तरही बदलू शकेल.